पोटाची शस्त्रक्रिया : यश कोणाच्या हाती?

शस्त्रक्रियागृहाचे दार बंद झालेले असते. दारावरचा लाल दिवा लागलेला असतो. बाहेरच्या बाकावर घरची माणसे बसलेली असतात; कोणी मनातल्या मनात नामस्मरण करीत असतो, कोणी पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहत असतो. आणि त्या सर्वांच्या मनात एकच विचार असतो : आता सारे काही डॉक्टरांच्या हातात आहे!

हा विचार स्वाभाविक आहे; पण तो अर्धाच खरा आहे. शल्यविशारदाचे कौशल्य मोलाचे, यात शंका नाही. परंतु पोटाच्या शस्त्रक्रियेचे बरेवाईट फळ ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांतील कित्येक गोष्टी रुग्ण त्या दारापर्यंत येण्यापूर्वीच घडून गेलेल्या असतात, आणि कित्येक ते दार उघडल्यानंतर घडावयाच्या असतात. या दोन्ही काळांत रुग्ण आपल्या माणसांच्या सोबतीत असतो. म्हणजेच यशातील एक वाटा घरच्यांचाही असतो. तो कोणता, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे हिताचे आहे.

भीतीकडून भरवशाकडे

पोट उघडणे ही कल्पना माणसाला फार जुनी आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा एकत्र आणून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावा घ्यावयास लावावे, मग मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच टाक्यांप्रमाणे राहू द्यावीत, असे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. परंतु त्यानंतर शेकडो वर्षे पोटावर शस्त्र धरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, अशीच जगभर समजूत होती.

१८०९ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील केंटकी प्रांतात एफ्रेम मॅकडॉवेल नावाच्या एका डॉक्टरांनी जेन क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटातून सुमारे १० किलो वजनाची अंडाशयाची गाठ काढली. त्या वेळी भुलीचे औषध नव्हते, जंतूंचे ज्ञान नव्हते, रक्त देण्याची सोय नव्हती. तरीही ती बाई वाचली आणि पुढे ३२ वर्षे जगली. पण अशी उदाहरणे विरळाच. पोटाच्या शस्त्रक्रियेचे भय खऱ्या अर्थाने कमी झाले ते पुढील शतकभरात. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरच्या भुलीचा यशस्वी प्रयोग झाला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशकाच्या वापराविषयीचे आपले लेख प्रसिद्ध केले. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जगापुढे मांडला. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले. वेदना, जंतुसंसर्ग व रक्तस्राव या तीन जुन्या वैऱ्यांना अशा रीतीने एकामागून एक वेसण बसली.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून मोठ्या छेदाऐवजी तीन-चार लहान छिद्रांतून अनेक शस्त्रक्रिया होऊ लागल्या. वेदना व रुग्णालयातील मुक्काम दोन्ही घटले. मग प्रश्न असा की, इतके सारे साध्य झाले असता एकाच रोगाचे, एकाच शस्त्रक्रियेचे दोन रुग्ण एकाच डॉक्टरांच्या हाताखाली जातात, आणि एक चौथ्या दिवशी घरी परततो, तर दुसरा महिनाभर अंथरुणाला खिळतो, असे का होते?

पहिली गोष्ट : वेळ

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका राजाच्या आणि एका शल्यविशारदाच्या कथेत आहे. १९०२ सालच्या जून महिन्यात इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाची सिद्धता चालू होती. समारंभ २६ जूनला ठरला होता, आणि राजाच्या पोटात आंत्रपुच्छाच्या दाहामुळे, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्सचा आजार म्हणतो त्यामुळे, पू झाला होता. समारंभ पुढे ढकलावयास राजे तयार नव्हते. शेवटी फ्रेडरिक ट्रीव्हज या शल्यविशारदांनी त्यांचे मन वळविले आणि २४ जून रोजी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून तो पू बाहेर काढला. राजे वाचले, ९ ऑगस्टला राज्याभिषेकही झाला.

या कथेची दुसरी बाजू तितकीशी सांगितली जात नाही. ट्रीव्हज हे या रोगाचे त्या काळचे नामांकित जाणकार. परंतु त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०० मध्ये, त्यांची स्वतःची तरुण कन्या याच रोगाने, आंत्रपुच्छ फुटून पोटभर पसरलेल्या दाहाने, मृत्यू पावली होती. राजाच्या पोटातील पू एका जागी कोंडून राहिला होता, म्हणून त्याला वाट करून देता आली. मुलीच्या पोटात तो सर्वत्र पसरला होता. हात तेच होते, विद्या तीच होती. रोगाची अवस्था मात्र भिन्न होती.

आज प्रतिजैविके आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. म्हणून पू पसरलेले रुग्णही पुष्कळदा वाचतात. पण तत्त्व बदललेले नाही. दोन घरांचे एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन्ही घरांतील पंधरा वर्षांच्या मुलाचे सकाळी बेंबीभोवती पोट दुखू लागते. जेवणावरची वासना जाते, एखादी उलटी होते, आणि सायंकाळपर्यंत दुखणे सरकत सरकत उजव्या बाजूला ओटीपोटाकडे येते. पहिल्या घरात आई म्हणते, "हे नेहमीचे पोट दुखणे दिसत नाही," आणि त्याच रात्री मुलगा रुग्णालयात जातो. दुसऱ्या घरात आजीबाई पोट साफ होण्यासाठी एरंडेल देतात. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या पिशवीने शेक होतो. तिसऱ्या दिवशी दुखणे एकाएकी कमी झाल्यासारखे वाटते, म्हणून सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु ती सुटका नसते. आंत्रपुच्छ फुटलेले असते. चौथ्या दिवशी पोट फळीसारखे कठीण होते, ताप चढतो, आणि जी शस्त्रक्रिया तासाभरात उरकली असती तीच आता जिवावरचे संकट होऊन बसते. त्या दोन्ही घरांत प्रेम सारखेच होते. उणीव होती ती माहितीची.

म्हणून हे लक्षात ठेवावे. सहा तासांपेक्षा अधिक काळ टिकणारे किंवा वाढत जाणारे पोटाचे दुखणे, त्यासोबत उलट्या, ताप, पोटाचा फुगार, किंवा शौच व वायू दोन्ही अडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती रेचक देऊ नये. डॉक्टरांना पोट दाखवावे. लक्षणे तीव्र असल्यास सहा तासांचीही वाट पाहू नये. दीर्घ मुदतीच्या तापात (विषमज्वरात) एकाएकी पोटात कळ येऊन पोट कठीण झाले, तर आतड्याला छिद्र पडल्याची शंका घ्यावी. म्हातारी माणसे व लहान मुले यांच्यात लक्षणे अस्पष्ट असतात, म्हणून त्यांच्याबाबत अधिकच सावध असावे. अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पैशाच्या विवंचनेने उशीर करणाऱ्या कुटुंबांनी हेही जाणावे की, २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. आपले कार्ड आजच काढून ठेवावे. दुखणे आल्यावर धावाधाव करू नये.

दुसरी गोष्ट : रुग्णाचे शरीर

सर्वच शस्त्रक्रिया तातडीच्या नसतात. अंतर्गळ, पित्ताशयातील खडे, गर्भाशयाच्या गाठी अशा आजारांत बहुधा डॉक्टर पुढची तारीख देतात. ते मधले दिवस नुसते वाट पाहण्याचे नसतात. शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करतो, तशी ही शरीराची मशागत होय.

आपल्या देशात सर्वांत प्रथम पाहावयाचे ते रक्त. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असले म्हणजे शरीराला प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो, शस्त्रक्रियेतील थोडाही रक्तस्राव सोसत नाही आणि रुग्ण सावरावयास अधिक दिवस लागतात. शस्त्रक्रियेला अवधी असेल, तर काही आठवडे लोहाची औषधे घेऊन हे पुष्कळ अंशी सुधारता येते. अर्थात रक्त कशामुळे कमी झाले, हेही शोधावे लागते.

दुसरी बाब तंबाखूची. धूम्रपानाने फुप्फुसांत कफ साठतो आणि निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणजे भुलीत श्वासाला अडथळा आणि नंतर जखमेला रक्ताची टंचाई. निदान चार आठवडे आधी धूम्रपान सोडणाऱ्या रुग्णांत गुंतागुंतीचा धोका कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. विडी सोडून तंबाखू चघळणे किंवा मशेरी लावणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे. निकोटीन त्यातही आहेच.

तिसरी बाब मधुमेहाची. रक्तातील साखर चढलेली असली म्हणजे जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते व जखम लवकर भरत नाही. चौथी बाब आहाराची. नवे मांस व नवी त्वचा तयार व्हावयास प्रथिने लागतात. डाळी, दूध, दही, शेंगदाणे, आणि ज्यांना चालतात त्यांना अंडी व मासे, यांचा आहारात समावेश असावा. स्थूल माणसाने शस्त्रक्रियेपूर्वी उपास करून घाईने वजन उतरविण्याचा प्रयत्न डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये.

पाचवी बाब सर्वांत सोपी, तरीही सर्वांत दुर्लक्षित : खरे सांगणे. रक्त पातळ करणारी गोळी, दम्याचे औषध, एखादा काढा किंवा भस्म, मद्याची सवय, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर उठलेले पित्त, हे सारे भूलतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावे. तसेच उपाशी राहण्याच्या सूचनेचे. सामान्यतः ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही वर्ज्य असते. पण आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ हीच अंतिम. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही, तो अन्नात मोडतो. "एक घोट चहाने काय होते?" असे म्हणून रुग्णाला लपून चहा देणारी माया घातक ठरते, कारण भुलीत पोटातील पदार्थ उलटून फुप्फुसांत जाऊ शकतात. चुकून काही घेतले असेल, तर तसे सांगावे. शस्त्रक्रिया थोडी लांबेल, एवढेच.

तिसरी गोष्ट : बंद दारामागे

आता दारामागे काय चालते ते पाहू. येथील यशही केवळ एका व्यक्तीच्या हस्तकौशल्यावर नसते. ते अनेकांच्या शिस्तीवर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची एक साधी यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा क्षणभर थांबून सर्वांनी ती मोठ्याने वाचावयाची : रुग्ण तोच ना? शस्त्रक्रिया तीच ना? प्रतिजैविक दिले ना? कापसाच्या घड्या व उपकरणे मोजली ना? या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत जन्मले. त्यांचे वडील महाराष्ट्रातील उटी नावाच्या खेड्यातून तेथे गेले होते. दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा १०० रुग्णांमागे गुंतागुंत होण्याचे प्रमाण ११ वरून ७ वर आले आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ वर उतरले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ विचारण्याची व उत्तर देण्याची सवय!

शिस्तीची आणखी दोन उदाहरणे देण्याजोगी आहेत. १९९६ मध्ये ऑस्ट्रियातील २०० रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे शरीर उबदार राखले, तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण १०० पैकी १९ वरून ६ वर येते. आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांच्या अभ्यासात पोट शिवण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलण्याचा नियम केला, तेव्हा संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. सुधारणा लहान दिसते. पण हजारो रुग्णांचा हिशेब केला, तर ती शेकडो घरांचे दुःख वाचविणारी आहे.

याची आपल्याला अधिक गरज आहे. ६६ देशांतील १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१८ च्या पाहणीत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात जखमेत संसर्ग झालेल्यांचे प्रमाण संपन्न देशांत १०० पैकी सुमारे ९, मध्यम स्थितीच्या देशांत १४ आणि गरीब देशांत २३ असे आढळले. म्हणजे संसर्ग हे नशीब नव्हे. प्रयत्नाने तो कमी करता येतो.

कुटुंबाने येथे काय करावे? आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रुग्णाला साबणाने स्वच्छ स्नान घालावे. पोटावरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याच्या सूक्ष्म जखमांतून जंतू शिरतात. रुग्णाला थंडी वाजत असेल, तर पांघरूण मागून घ्यावे. आणि शंका असेल, तर ती संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावी. चांगले डॉक्टर प्रश्नाचा राग मानीत नाहीत.

चौथी गोष्ट : नंतरचे दिवस

पूर्वी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक दिवस पडून ठेवीत. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, वेदना नीट शमवून रुग्णाला लवकर उठविले व लवकर जेवू घातले, तर तो अधिक वेगाने बरा होतो. हा विचार आता जगभर रूढ झाला आहे. तरीही आपल्या घरांत "चालली तर टाके तुटतील" ही भीती घट्ट बसलेली आहे. वास्तविक पडून राहण्यानेच फुप्फुसांत कफ साठतो आणि पायांतील रक्त गोठण्याचा संभव वाढतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला आधार देऊन बसवावे, चार पावले चालवावे. पोटावर उशी दाबून धरून दीर्घ श्वास घ्यावयास व खोकावयास सांगावे. मग टाक्यांवर ताण येत नाही.

तीच गोष्ट पथ्याची. डाळ खाल्ली की जखमेत पू होतो, दही-भाताने जखम चिघळते, अशा समजुतींनी कित्येक रुग्णांना नुसत्या पेजेवर ठेवतात. पू होतो तो जंतूंमुळे, डाळीमुळे नव्हे. ज्याला शरीर बांधून काढावयाचे आहे, त्याच्या ताटातून प्रथिनेच काढून घेणे म्हणजे गवंड्याच्या हातातून विटा काढून घेण्यासारखे आहे. आतड्यावरील शस्त्रक्रियेनंतर काय व केव्हा द्यावे, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

भेटीला येणाऱ्यांच्या गर्दीचाही विचार व्हावा. प्रेमाने आलेला पाहुणा रुग्णाच्या खाटेवर बसतो, न धुतलेल्या हाताने पट्टी चाचपून पाहतो. हे टाळावे. दोनच माणसांनी यावे, हात धुऊन यावे, आणि थोडा वेळ बसून जावे.

घरी परतल्यावरही महिनाभर डोळ्यांत तेल घालून पाहावे. ताप येणे, नाडी सारखी जलद चालणे, पोट फुगणे, उलट्या, वायू न सरणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, जखमेभोवती लाली किंवा पू, पोटरीला एका बाजूने सूज, धाप लागणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच तपासणीच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आतड्याचा सांधा पाझरला, तर त्याची चिन्हे पुष्कळदा पहिल्या आठवड्यातच दिसतात. त्या वेळी काही तासांनाही मोल असते. मोठ्या छेदानंतर साधारणतः सहा आठवडे पाण्याची कळशी, धान्याचे पोते किंवा भरलेली बादली उचलू नये. नाहीतर जखमेच्या जागी अंतर्गळ होण्याचे भय असते. ही सूचना स्त्रियांच्या बाबतीत विशेषेकरून पाळावी लागते, कारण घरी पाऊल टाकताच घरकाम त्यांची वाट पाहत उभे असते. ते इतरांनी वाटून घ्यावे; हाही उपचाराचाच भाग होय.

तेव्हा त्या बाकाकडे पुन्हा वळू. बंद दारासमोर बसलेल्या माणसांनी आपले दैवत आठवावे, डॉक्टरांवर विश्वास ठेवावा. पण त्यांतील ज्या कोणी वेळेवर रुग्णालय गाठले असेल, महिनाभर आधी रुग्णाची विडी सोडविली असेल, चहाचा घोट मायेने नव्हे तर विवेकाने नाकारला असेल, आणि उद्या त्याला हाताला धरून चार पावले चालविण्याची तयारी ठेवली असेल, त्याने हेही जाणावे की आपण नुसते वाट पाहत बसलो नव्हतो. दारापलीकडच्या हातांना आपल्या हातांचीही साथ होती.